रेल्वेची गाणी: ठेक्यात गाडी कशी आणायची?

सूरपेटी
सोसायटीच्या गणपतीत यंदा रेल्वेच्या गाण्यांचा दीड तासाचा कार्यक्रम बसवतोय. वाद्यं अशी: ढोलक-तबला (वादक एकच), ऑक्टोपॅड, कीबोर्ड, अकूस्टिक गिटार आणि माउथ ऑर्गन. ड्रमसेट नाही, स्टेजवर तेवढी जागाही नाही.

आतापर्यंतची यादी: तूफान मेल (जवाब, १९४२), है अपना दिल तो आवारा (सोलवा साल, १९५८), अपनी तो हर आह (काला बाजार, १९६०), रेलगाडी (आशीर्वाद, १९६८), मेरे सपनों की रानी (आराधना, १९६९), गाडी बुला रही है (दोस्त, १९७४), हम दोनों दो प्रेमी (अजनबी, १९७४), छैंया छैंया (दिल से, १९९८), कस्तो मजा (परिणीता, २००५). मराठीत गदिमांची अगीनगाडी तर हवीच, मुलांच्या कोरसमध्ये.

यादीत काय राहिलंय ते सांगाच. पण खरा प्रश्न दुसरा आहे. दर गाण्याआधी कीबोर्डवरून तेच ते 'कूऽऽ झुकझुक' सोडलं की तिसऱ्या गाण्यापर्यंत पब्लिक चहाच्या स्टॉलकडे वळतं. ठेक्यातच गाडी आणायची तर कशी आणायची?

मीटरगेज
आधी गाडी कुठली ते ठरवा. गाडीचे ठेके दोन आहेत आणि ते एकमेकांत मिसळले की कानाला नुसता गोंधळ ऐकू येतो.

पहिला ठेका वाफेच्या इंजिनाचा. साध्या इंजिनाला दोन सिलिंडर असतात आणि प्रत्येकात वाफ पिस्टनला आळीपाळीने दोन्ही बाजूंनी ढकलते. त्यामुळे चाकाच्या एका फेऱ्यात धुराड्यातून चार भपके निघतात. चाकाचा एक फेरा म्हणजे एक मात्रा धरा, की मात्रेत चार 'छुक' बसले. आपल्याकडच्या ब्रॉडगेजवरच्या डब्ल्यूपी जातीच्या वाफेच्या इंजिनाचं मोठं चाक ५ फूट ७ इंचांचं, म्हणजे परीघ साधारण ५.३५ मीटर. ताशी ३२ किमीला मिनिटाला १०० फेरे होतात, ४० किमीला १२५. गाण्याच्या लयीत बसणारी गाडी ती एवढीच. ताशी ८० ला सेकंदाला सोळाच्या वर भपके होतात, ते कानाला सुटे ऐकूच येत नाहीत, सलग घरघर होते. म्हणून मेल सुसाट धावतेय हे दाखवायला छुकछुक दुप्पट करू नका, ते खोटं वाटतं.

दार्जिलिंगचं बी क्लास इंजिन अगदी छोटं, चाक २६ इंचांचं, परीघ जेमतेम २.०७ मीटर. ते ताशी १५ किमीलाच १२० फेरे घेतं. म्हणजे गाडी रस्त्याकडेच्या सायकलवाल्याच्या वेगाने चाललेली असते, पण ठेका धावत असतो. 'मेरे सपनों की रानी'त जीप आणि गाडी शेजारी-शेजारी धावतात, ती कॅमेऱ्याची करामत नाही. हिल कार्ट रोड खरोखरच त्या दोन फुटी रुळाला बिलगून वर चढतो.

दुसरा ठेका रुळाच्या सांध्यांचा. तो गणित करून पुढच्या प्रतिसादात टाकतो.

रिकामा_डबा
यादीत 'चलती का नाम गाडी' कसं नाही?

मीटरगेज
ती मोटार आहे हो.

भैरवी_फास्ट
भर घालते: 'धन्नो की आँखों में' (किताब, १९७७). गुलजारांचे शब्द, आवाज स्वतः आर. डी. बर्मनचा, आणि चित्रीकरण थेट इंजिनाच्या फूटप्लेटवर, म्हणजे ड्रायव्हर उभा राहतो तिथे. गाडीत बसलेल्यांची गाणी ढीगभर आहेत, गाडी चालवणाऱ्याचं हे एकच पटकन आठवतं.

आणि 'है अपना दिल तो आवारा'मधला माउथ ऑर्गन आर.डी.नेच वाजवलाय, संगीत वडिलांचं. निवेदनात सांगा, लोकांना आवडेल.

मीटरगेज
सांध्यांचं गणित. ब्रॉडगेजवर पूर्वी कारखान्यातून येणारा रूळ १३ मीटरचा. जुन्या, न जोडलेल्या मार्गावर दर १३ मीटरला एक सांधा. सांध्यापासून सांध्यापर्यंत एक मात्रा धरा. गाडीचा ताशी वेग गुणिले १.२८ केलं की मिनिटाला किती सांधे ते मिळतं. ताशी ८० ला साधारण १०३, ताशी १०० ला १२८.

पण सांध्यावर एक टोला पडत नाही, जोडी पडते, कारण बोगीला, म्हणजे डब्याच्या टोकाखालच्या चाकांच्या गाड्याला, दोन आस (चाकांच्या दोन जोड्या) असतात. जुन्या निळ्या आयसीएफ डब्याच्या बोगीत दोन आसांमधलं अंतर २.८९६ मीटर. १३ ने भागलं की ०.२२. गाडीचा वेग काहीही असो, दुसरा टोला मात्रेच्या २२ टक्क्यांवरच येणार. पाव मात्रेपेक्षा किंचित आधी.

आता दाराजवळ उभं राहिलं की शेजारच्या डब्याची बोगीही ऐकू येते. दोन बफरांच्या टोकांमधली डब्याची लांबी २२.२९७ मीटर, दोन बोगींच्या मध्यांमधलं अंतर १४.७८३ मीटर. वजाबाकी ७.५१४, म्हणजे ०.५८ मात्रा. एकूण ठेका असा: ०, ०.२२, ०.५८, ०.८०. पहिली जोडी घट्ट, दुसरी जोडी अर्ध्या मात्रेच्या थोडी मागे. 'धडक-धडक, धडक-धडक' म्हणतात तो हाच. चारही टोले समान अंतरावर वाजवले की शिवणयंत्र ऐकू येतं, गाडी नाही.

लूप बनवणाऱ्यांसाठी: मात्रेला ४८० टिक धरले तर ०, १०७, २७७, ३८४. क्वांटाइझ बंद ठेवा, नाहीतर सॉफ्टवेअर सगळं सरळ करून टाकेल.

ठाय_दुगुन
वरचं गणित वाचून घाम फुटला, पण हाताला ते सोपं जातं. ढोलकवर असं बसवा.

सांध्यांचा ठेका: डाव्या पुडीवर तळव्याच्या टाचेने 'ध', लगेच बोटांनी 'डक'. हाताचा मूळ धक्का एकच, टाच आधी आणि बोटं मागून टेकतात, त्यामुळे जोडी आपोआप घट्ट येते. दुसरी जोडी उजव्या पुडीच्या काठावर, आवाज निम्मा. शेजारच्या डब्याची आहे ना ती, लांबूनच यायला हवी. डाव्या पुडीचा सूर गाण्याच्या षड्जाला न लावता थोडा सैल सोडा. घट्ट लावली की टोला सुरात बोलतो आणि लोखंड वाटत नाही.

इंजिनाचा ठेका: ढोलकवर हा करूच नका. भपका म्हणजे हवेचा आवाज, कातड्याला तो निघत नाही. त्याला काचपेपरचे ठोकळे. लाकडाचे दोन तुकडे, अंदाजे ४ इंच लांब, अडीच इंच रुंद, पाऊण इंच जाड. खालच्या अंगाला ८० नंबरचा काचपेपर फेविकॉलने चिकटवा, कडा वर वळवून टाचणीने मारा. पाठीला ड्रॉवरची मूठ ठोकली की पकड बसते. डावा ठोकळा स्थिर, उजवा पुढे-मागे. पुढचा हात लांब, मागचा आखूड: छुक-छक-छुक-छक, चारातला पहिला जोरात. १५० च्या वरचा बारीक कागद घेतला तर आवाज स्टेजवर पोचत नाही. ४० नंबरचा घेतला तर दाणे अडकतात आणि लय तुटते.

चारही भपके एकाच जोराने घासलेत तर पंखा फिरल्यासारखं वाटतं. पहिल्यावर वजन हवंच.

सूरपेटी
ठोकळे करायला सांगितले. ड्रमसेट नाही, तर ब्रशचं काय करता येईल? इंग्रजी गाण्यांत ती 'ट्रेन बीट' ब्रशवरच असते ना?

ठाय_दुगुन
हो, स्नेअरवर (ड्रमसेटमधला चपटा ड्रम) ब्रशने सलग सोळांश, म्हणजे मात्रेला चार, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर वजन. स्नेअर नसेल तर पुठ्ठ्याचं रिकामं खोकं घ्या, टीव्ही किंवा मिक्सर येतो तसलं. तोंड चिकटटेपने बंद करा, वर वर्तमानपत्राची एक घडी ताणून चिकटवा आणि ब्रश चालवा. माइक खोक्याच्या बाजूला चार बोटांवर, वरून नाही. वरून ठेवला तर कागदाचा चुरचुर आवाज जास्त येतो आणि खोक्याचा 'धप' येत नाही.

सहा_तारा
गिटारवाल्यालाही कामाला लावा. जॉनी कॅशच्या सुरुवातीच्या चमूत ड्रमर नव्हता. त्याने गिटारच्या तारांमध्ये कागद घालून स्नेअरसारखा आवाज काढला. तीच युक्ती करायची. वहीच्या पानाची दोन इंच रुंद पट्टी दुहेरी दुमडायची आणि ब्रिजच्या जवळ तारांमधून ओवायची: एका तारेच्या वरून, पुढच्या तारेच्या खालून. उजव्या हाताने जाड तारेवर एक टोला, मग बारीक तारांवर 'चिक', मग पाचव्या तारेवर टोला, पुन्हा 'चिक'. जाड-चिक-जाड-चिक.

पट्टी ब्रिजपासून लांब सरकली की सूरच मरतो, कॉर्ड कुठली ते कळत नाही. व्हिजिटिंग कार्ड घालू नका, ते तारेवर झणझणतं. एका गाण्यानंतर कागद मऊ पडतो, म्हणून तीन-चार पट्ट्या तयार ठेवा. 'हम दोनों दो प्रेमी'ला हे छान बसतं. ते मालगाडीवर चित्रित झालंय आणि गाण्यातही तसा रेटा आहे.

बाजा_बारा
माउथ ऑर्गनबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो.

धुनेसाठी क्रोमॅटिक वापरा, पण गाडीच्या छुकछुकीसाठी दहा भोकांचा साधा डायटॉनिक लागतो. ट्रेमोलोला दर सुराला दोन पट्ट्या असतात, त्यांना हवा जास्त लागते, जलद श्वासात त्या उशिरा बोलतात.

कुठल्या पट्टीचा घ्यायचा? गाण्याच्या षड्जापासून शुद्ध मध्यमाचा. गाणं पांढरी पाचमध्ये (G) असेल तर पांढरी एकचा (C) बाजा, काळी एकमध्ये (C#) असेल तर काळी तीनचा (F#). भोकं १-२-३ एकदम तोंडात घ्या. श्वास आत ओढला की गाण्याच्या षड्जाची मेजर कॉर्ड येते, बाहेर सोडला की मध्यमाची. क्रम: आत-आत-बाहेर-बाहेर. जिभेने 'टु-का-टु-का' म्हणत राहायचं, श्वास छातीतून न घेता पोटातून.

इथे हमखास एक गोष्ट बिघडते. आठ-दहा आवर्तनांनी छाती हवेने फुगते, कारण आत घेताना जोर असतो आणि बाहेर सोडताना वाजवणारा हात राखतो. उपाय: फुप्फुसं जवळजवळ रिकामी ठेवून सुरुवात करा आणि 'बाहेर'च्या वेळी थोडी हवा नाकातूनही सोडा.

शिट्टीसाठी दोन पर्याय. ४-५ भोकं एकत्र आत ओढली की पंचम आणि कोमल निषाद मिळतो. ऐकायला एकदम इंजिन. पण गाण्यात शुद्ध निषाद असेल तर ते खुपतं. अशा गाण्यात ३-४ आत ओढा, शुद्ध गंधार आणि पंचम येतो, गोड लागतो. दोन्ही तळव्यांची ओंजळ बाज्यामागे घट्ट बंद ठेवून शिट्टी सुरू करायची आणि हळूहळू उघडायची. गाडी वळणावरून समोर येते तसं वाटतं.

क्रोमॅटिकवाल्यांनी वाजवायच्या आधी बाजा दहा मिनिटं खिशात गरम होऊ द्यावा. आतल्या प्लास्टिकच्या पापुद्र्यांवर वाफ धरली की ते चिकटतात आणि ऐन धुनेत एक सूर गायब होतो. एसी हॉलमध्ये तर नक्कीच.

रिकामा_डबा
एवढ्या कष्टापेक्षा कीबोर्डात ट्रेनचा आवाज असतो की. बटण दाबलं, झालं.

फेडर_वर
असतो. जीएस बँक (रोलँडचा आवाजांचा संच) असलेल्या कीबोर्डात १२६ नंबरच्या हेलिकॉप्टरच्या पोटात, व्हेरिएशन बदलत गेलात की सापडतो. पण तो एकच नमुना वर-खाली ओढलेला असतो. वरची पट्टी दाबली की गाडी वेगात जाते आणि सूरही चढतो. गाण्याच्या लयीत बसेल अशी पट्टी शोधेपर्यंत सूर भलतीकडे गेलेला असतो. दोन्ही एकत्र जुळणं म्हणजे नशीब.

कीबोर्डाचा खरा उपयोग समोरून निघून जाणाऱ्या गाडीच्या भोंग्यासाठी. इथे एक सोपा हिशेब आहे. गाडी ताशी ३६ किमीने जवळून गेली तर भोंग्याचा सूर येताना आणि जाताना यांत अर्ध्या सुराचा फरक पडतो. ७२ ला पूर्ण एक सूर, १०८ ला दीड. पिच बेंडची (सूर वर-खाली सरकवणाऱ्या चाकाची) मर्यादा बहुतेक कीबोर्डांत कारखान्यातूनच दोन्ही बाजूंना एकेक पूर्ण सूर असते. ताशी ७२ ची मेल हवी असेल तर चाक अर्धं वर ठेवून भोंगा धरा आणि अर्धं खाली आणा. उतार मध्यावर पटकन, दोन्ही टोकांना संथ. एका चालीत सरळ खाली ओढलं तर सायरन वाटतो.

शिवाय डिझेल-इलेक्ट्रिकच्या भोंग्याला एक वरचा आणि एक खालचा असे दोन सूर असतात. एकाच बोटाने वाजवाल तर तो ट्रकचा हॉर्न होईल.

सूरपेटी
गाडी सुटताना लय वाढवत नेली तर गायक कुठे उचलणार, हा आमच्याकडे वाद चाललाय. ढोलकवाले म्हणतात हळूहळू वाढवू, गायिका म्हणतात मला एकच लय द्या.

ठाय_दुगुन
गायिका बरोबर आहेत. लय स्थिर ठेवा, भपके वाढवा. मनात क्लिक गाण्याच्याच लयीचा. पहिली दोन आवर्तनं मात्रेला एक भपका, जड आणि लांब. मग दोन आवर्तनं दुगुन, मात्रेला दोन. मग चौगुन, मात्रेला चार. ऐकणाऱ्याला गाडीने वेग घेतला असंच वाटतं आणि समेवर गायिकेला जागा पक्की मिळते. इंजिन सुटताना चाक कधी रुळावर घसरतं, तेव्हा पाच-सहा भपके एकदम पटापट येतात आणि ड्रायव्हर वाफ कमी करून पुन्हा सावरतो. दुगुनमध्ये एकदाच असा घसरा टाका, टाळी नक्की. दोनदा टाकलात तर तुम्हीच घसरलात असं लोकांना वाटेल.

मीटरगेज
आणि थांबताना उलटं. इथे जवळजवळ सगळे चुकतात: भपकेच संथ करत गाडी थांबवतात. खऱ्या गाडीत स्टेशन जवळ आलं की ड्रायव्हर रेग्युलेटर बंद करतो, वाफ सिलिंडरला जातच नाही, म्हणजे भपके आधीच बंद. उरतो तो सांध्यांचा आवाज, आणि तोच संथ होत जातो. शेवटी ब्रेकची किंकाळी. तेव्हा गाणं संपताना काचपेपर समेवर कापा, ढोलकवरची जोडी एकटी चालू ठेवून ठाय करत न्या. ब्रेकसाठी झांजेच्या काठावरून ढोलकच्या नटबोल्टची पट्टी किंवा जुना गज ओढला तरी चालतो.

अवांतर: होनेगर या युरोपीय संगीतकाराने १९२३ मध्ये 'पॅसिफिक २३१' नावाची ऑर्केस्ट्रासाठी रचना केली. २३१ म्हणजे पुढे दोन, मध्ये तीन, मागे एक अशी आसांची मोजणी. आपली डब्ल्यूपी त्याच घराण्यातली. तिथेही वेगाचा भास स्वरांच्या छोट्या-छोट्या तुकड्यांनी केलाय, आणि मूळ लय उलट संथ होत जाते. वर सांगितलेल्या दुगुन-चौगुनच्या कल्पनेचाच थोरला भाऊ.

फेडर_वर
सूचना साउंडसाठी. काचपेपरचा आवाज नेमका गायकाच्या स, श, च या अक्षरांवर बसतो. 'सपनों'तला स गिळला जातो आणि दोष गायकाला मिळतो. म्हणून ठोकळे फक्त सुरुवातीला, म्युझिक पीसला आणि शेवटी. अंतऱ्यात ढोलक आणि गिटार पुरे. वाजवायचंच असेल तर त्या चॅनेलला ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये ४-५ डेसिबल कमी करा आणि १५० हर्ट्झच्या खालचं सगळं कापा. माइकपासून ठोकळे वीतभर लांब, आणि माइकच्या वर नव्हे तर बाजूला धरा, कारण काचपेपरची रेती खाली झडते आणि जाळीत जाऊन बसते.

भैरवी_फास्ट
'रेलगाडी'बद्दल कोणीच बोललं नाही! त्याला तुमची काचपेपर-बिचपेपर काही लागत नाही. हरींद्रनाथ चट्टोपाध्याय यांचे शब्द, अशोककुमारांचा आवाज, आणि संगीत आपल्या वसंत देसाईंचं. त्या गाण्यात गाडी तोंडातच आहे. स्टेशनांच्या नावांच्या जोड्या यमकात धावतात, तळेगाव-मालेगाव, शोलापूर-कोल्हापूर, आणि ती नावंच रुळाचा ठेका धरतात. वाद्यांनी त्यावर स्वार व्हायचं नाही.

अवघड आहे ते दमाचं काम. एकाच गायकाला नावांची अख्खी रांग एका श्वासात झेपत नाही, तिसऱ्या-चौथ्या जोडीला शब्द गळायला लागतात. दोघांत वाटा: एक 'तळेगाव', दुसरा 'मालेगाव'. प्रत्येकाला आपोआप चोरटा श्वास मिळतो. फक्त दुसऱ्याने पहिल्याच्या शेवटच्या अक्षरावर तोंड उघडून तयार राहायचं, नाहीतर दर जोडीत फट पडते. सराव आधी नुसता बोलून, टाळीवर, निम्म्या लयीत. सूर नंतर.

मीटरगेज
आणि निवेदकाला सांगून ठेवा, नाशिकच्या मालेगावाला आजही रेल्वे नाही, मनमाडला उतरावं लागतं. सोसायटीत एक तरी मालेगावकर निघेल आणि ओरडेल.

सहा_तारा
'छैंया छैंया'ला गाडीचा ठेका कसा लावणार?

ठाय_दुगुन
लावायचा नाही. गाडीवर चित्रित झालेलं गाणं वेगळं आणि गाडीच्या ठेक्याचं गाणं वेगळं. 'छैंया छैंया'ला स्वतःचा नाचाचा ठेका आहे, तो रहमानचा आहे, निलगिरीच्या गाडीचा नाही. त्याच्या पोटात छुकछुक घातली तर दोन्ही मरतील. ऑक्टोपॅड आणि ढोलकवर मूळ ठेका द्या, गाडी फक्त सुरुवातीच्या शिट्टीपुरती.

मीटरगेज
सहमत. शिवाय ती गाडी खरी किती संथ! कल्लार ते कुन्नूरच्या मध्ये दातेरी पट्टीवर चढते, चढ १ ला १२ पर्यंत, आणि तिथे वेगाची मर्यादा ताशी १३ किमी. इंजिन चढावर मागून ढकलतं, कायम उताराच्या बाजूला असतं. डब्याच्या टपावर जी धावपळ दिसते ती सगळी नाचणाऱ्यांची.

याच हिशेबात 'अपनी तो हर आह' येतं. ते डब्यातलं, बर्थवरचं गाणं. देव आनंद खाली, वहिदा वरच्या बर्थवर, 'ऊपर वाला'चा दुहेरी अर्थ. तिथे इंजिन ऐकूच यायला नको, फक्त सांधे, तेही अगदी बारीक. ढोलकवर रुमाल टाकून जोडी वाजवा.

रिकामा_डबा
मग हल्लीच्या गाडीत बसलं तर हे धडक-धडक ऐकू का येत नाही? मला वाटलं माझे कान गेले.

मीटरगेज
कान शाबूत आहेत. मुख्य मार्गांवर रूळ आता जोडून अखंड केलेत, सांधेच नाहीत. आवाज येतो तो फक्त स्टेशनच्या आसपास, काटे ओलांडताना. शिवाय लाल एलएचबी डब्याची मापं वेगळी: आसांमधलं अंतर २.५६ मीटर, डबा २४ मीटर, बोगींच्या मध्यांमध्ये १४.९ मीटर. समजा तो जुन्या १३ मीटरच्या रुळावर धावला तर ठेका येईल ०, ०.२०, ०.७०, ०.९०. दुसरी जोडी मात्रेच्या अगदी शेवटाला ढकललेली, ती पुढच्या मात्रेलाच जाऊन चिकटते. वाजवून बघा, लंगडी गाडी वाटते. सत्तरच्या दशकातल्या गाण्यांना आयसीएफचीच मापं ठेवा.

सूरपेटी
सगळ्यांना दंडवत. ठोकळे तयार झाले, ८० नंबर एकदम पटला. शेवटचा प्रश्न: अगीनगाडीला मुलांच्या कोरसची लय किती ठेवू? तालमीत मुलं दुसऱ्या कडव्यात पळतात.

भैरवी_फास्ट
मुलं पळणारच, 'झुक झुक' म्हणताना हात हलवायला लागतात ना. आशाबाईंचं मूळ गाणं मोबाईलवर लावा, टॅप टेम्पोचं कुठलंही अ‍ॅप घेऊन मोजा आणि त्यापेक्षा पाच-सात कमी धरून तालीम सुरू करा. कार्यक्रमाच्या दिवशी ती तेवढी वाढवतातच.

'झुक झुक' सगळ्यांना देऊ नका. अर्धी मुलं झुकझुक, अर्धी शब्द, कडव्यागणिक अदलाबदल. झुकझुकवाल्यांनी 'झु'वर जोर द्यायचा आणि 'क' जवळजवळ गिळायचा. 'क' स्पष्ट म्हटला की वीस मुलांचे वीस 'क' वेगवेगळ्या वेळी पडतात.

ठाय_दुगुन
आणि एक ठोकळ्यांची जोडी कोरसमधल्या सगळ्यात शांत मुलाकडे द्या, उत्साही मुलाकडे नको. त्याच्या शेजारी ढोलकवाल्याला बसवा, म्हणजे त्याचा हात दिसेल. काचपेपर दोन-तीन गाण्यांत गुळगुळीत होतो, मध्यंतरात नवा चिकटवत बसू नका, फेविकॉल वाळणार नाही. आधीच दोन जोड्या करून ठेवा.

सूरपेटी
दुसरी जोडी आजच करायला टाकते. शनिवारी तालीम आहे, ०.५८ जमतंय का ते इथे कळवते.